थोरलीचा टाक

औरंगपुरा,
१२ ऑगस्ट

इंद्रजीत,

तुझ्या घरात चार वर्षं मी तुला 'अहो' म्हणत होते. आता म्हणणार नाही. मेलेल्या बाईला मानपान पाळावे लागत नाहीत, आणि मी मेले आहे हे मला गेल्या शुक्रवारी कळलं.

तुझ्या बायकोनंच सांगितलं. तिच्यावर चिडू नकोस, आपण कुणाला काय सांगतोय हे तिला माहीत नाही.

इथं गल्लीत माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे. बाहेरचा 'सायली लेडीज टेलर्स'चा बोर्ड आधीच्या मालकिणीचा, मी तो बदलला नाही. गिऱ्हाइकं मला नुसतं ताई म्हणतात. महालक्ष्म्यांच्या आधीची गर्दी होती. बजाजनगरहून आलेली एक बाई बराच वेळ स्टुलावर बसून होती. तिचा नंबर आला. मी गळ्याचं माप घ्यायला टेप लावला आणि म्हटलं, "हे गळ्यातलं जरा काढता का?"

तिनं छातीवर हात दाबला. "मंगळसूत्र काढते ताई. पण हे नाय निघायचं. हे थोरलीचं हाय."

काळ्या दोऱ्यात चांदीचा टाक होता. बोटाच्या पेराएवढा, त्यावर उमटवलेली बाई. पहिली वारली की दुसरीनं तिचा टाक गळ्यात घालायचा, नवं लुगडं आधी त्याला दाखवायचं, मग नेसायचं. माझ्या आजोळी एका मामीच्या गळ्यात मी तो पाहिला होता. या शहरात, या काळात कुणी घालत असेल असं वाटलं नव्हतं.

"कधी गेल्या?" मी मुंड्याचं माप घेत विचारलं. बोलायचं म्हणून.

"माझ्या लग्नाआधी वर्षभर. बाळंतपणात. बाळ बी गेलं न् त्या बी. शैलाताई नाव होतं."

"कुठलं गाव?"

"पिशोर. पण आम्ही बजाजनगरलाच असतो. हे कंपनीत क्वालिटीला हायेत."

मी माप पुन्हा घेतलं. तिसऱ्यांदा घ्यायला लागले तेव्हा ती हसली, म्हणाली, "ताई, चहा घ्या एक, सकाळपासनं उभ्या हायात."

लग्नाच्या दिवशी ताटातल्या तांदळात तू अंगठीनं 'शैला' लिहिलंस. माहेरची संध्या तिथंच पुसली गेली. त्या घरात मला शैला सोडून दुसऱ्या नावानं कुणी हाक मारली नाही. आणखीही एका नावानं मारायचे, तुझी आई मारायची: वांझ. चार वर्षं. देवळात, विहिरीवर, पाहुण्यांसमोर. आणि त्याच घरानं मला बाळंतपणात मारलं! एवढं तरी नीट ठरवायचं होतंस, इंद्रजीत. तापानं मारायचंस, साप चावून मारायचंस. मूल होत नाही म्हणून जिला रडवलं, तिच्या पोटी मरायला मूल घातलंस.

तुझा नंबर तुझ्या बायकोनं, तनुजानंच दिला, शिवून झालं की कळवायला. मी फोन करणार नाही. फोनवर तू मधे बोलतोस. हे पत्र तुझ्या कंपनीच्या पत्त्यावर टाकते आहे, घरच्या नाही. एवढी माया अजून आहे. तुझ्याबद्दल नव्हे.

संध्या


२१ ऑगस्ट

इंद्रजीत,

तनुजाच्या पावतीवरचा नंबर बघून तू फोन केलास आणि तूच विचारलंस, "कोण बोलतंय?" मला हसू आलं. अठरा वर्षांनी माझा आवाज ऐकून तू घाबरलास ते मला फार आवडलं. लपवत नाही. रात्री त्याच्यावरच छान झोप लागली.

तुझं म्हणणं मी नीट ऐकलं. कोर्टातून आपण रीतसर मोकळे झालो होतो, तेव्हा दुसरं लग्न गुन्हा नाही. कबूल. तनुजाच्या वडलांना सोडलेला मुलगा नको होता, बायको वारलेला चालत होता. म्हणून आई म्हणाली, वारली सांगू. टाकही तिनंच सोनाराकडून करून आणला, खरं वाटावं म्हणून. (तुझी आई चार वर्षांपूर्वी वारल्याचं म्हणालास. त्या खरंच वारल्या ना? तुझ्या घरातलं मरण मी आता विचारून घेते.)

मग तू म्हणालास, "यात कुणाला काय लागलं? तुला माहीतच नव्हतं. तिला आजपण माहीत नाही. कुणालाच दुखत नाही ते वाईट कसं? आमच्यात कस्टमरची तक्रार नसली की माल ओके. अठरा वर्षांत एक तरी तक्रार आली का?"

तक्रार करणारीला तू मारून टाकलं होतंस, इंद्रजीत.

पण तुझं बोलणं मी झटकून टाकलं नाही. मशीनवर बसले की पाय चालत असतात, डोकं मोकळं असतं. मी तुझंच म्हणणं घोळवत राहिले. शुक्रवारी सकाळी मी सुखात होते. दुकान उघडलं, उदबत्ती लावली, शेजारच्या गोजरबाईशी पाण्यावरून भांडले. दुपारी माझ्या अंगाची आग झाली. मधल्या वेळात जगात काय बदललं? काहीच नाही. एक बाई चार वाक्यं बोलली. तुझं खरं मानायचं, तर तोवर काही वाईट नव्हतंच. ते माझ्या दुकानात, तनुजाच्या तोंडून, त्या दुपारी जन्मलं. म्हणजे माझी गुन्हेगार तनुजा! तू नव्हेस, तुझी आई नव्हे. जिनं मला चहा घ्या म्हटलं, ती.

हे तुला तरी पटतं का?

मला नाही पटत. माझ्याबाबतीत जे झालं ते मी हसत होते तेव्हाही झालेलंच होतं. मला ते त्या दिवशी कळलं, झालं नाही.

आता दुसरं. फोनवर तू सांगितलं नाहीस, तिनं सांगितलं. ब्लाऊज न्यायला आली होती. तुमच्या मुलीच्या, श्रेयाच्या आधी तिची दोन मुलं पोटातच गेली. तुझ्या आईनं तिला पिशोरच्या देवऋषीकडं नेलं. तो म्हणाला, थोरली आडवी येतीय, तिचं बाळ गेलं म्हणून हिचं राहू देत नाही. मग तनुजानं वर्षभर मीठ सोडलं. टाक हातात धरून रात्र रात्र माझी माफी मागितली.

"कसली माफी?" मी विचारलं.

"त्यांच्या जागेवर आले ना ताई मी."

तेव्हा मी नाशकात भावाच्या घरी फॉल-पिको करत होते. कुणाची जागा, कुणाचं बाळ. मला काहीच ठाऊक नव्हतं आणि इकडं बजाजनगरच्या एका फ्लॅटमध्ये माझ्या माथी दोन मुलं मारली जात होती. तू बघत होतास. 'ती मेलेली नाही' एवढे तीन शब्द बोललास तर ती बाई मीठ खायला लागली असती. तू जेवत होतास तिच्यासमोर, मिठाचं.

तिला सांग. मी तुला मुदत देते, अहेव गेलेल्या बायकांचं श्राद्ध असतं त्या अविधवा नवमीपर्यंत. तू सांगितलंस तर मी तुमच्या दारात येणार नाही.

संध्या


४ सप्टेंबर

इंद्रजीत,

तू दुकानात आलास. केस काळे केलेस, तरी वाकून चालतोस आता. गिऱ्हाईक होतं म्हणून तुला दाराशी उभं राहावं लागलं, आणि गोजरबाई तुला म्हणाली, "भाऊ, बायकांचं दुकान हाय, जरा तिकडं सरा." तो तुझा चेहरा मी जपून ठेवला आहे.

गिऱ्हाईक गेल्यावर तू अगदी समजुतीनं बोललास. "शैला अशी कुणी आता नाहीच ना? तू संध्या. तुझ्यावर कुणी काही केलेलं नाही. जिच्याबद्दल बोललो ती नाही, मग कुणाचं वाईट केलं मी? उलट तिला मान आहे घरात. पहिला घास तिचा, पहिलं लुगडं तिचं. जिवंतपणी एवढं केलं नसतं कुणी."

हे शेवटचं मात्र खरं.

मी तुला विचारलं, "धर, मी खरंच नाशकात मेले असते. मग?"

तू हसलास. "मग तर प्रश्नच मिटला असता. सगळं खरंच झालं असतं."

तुझी आई गेलीच आहे, मग तूही गेला असतास, गावातली जाणती माणसं गेली असती. ठाऊक असलेलं एकही माणूस उरलं नसतं. तुझ्या हिशेबानं तेव्हा ते पुसलं गेलं असतं. मला नाही वाटत. एक बाई मीठ न खाता वर्षभर एका चांदीच्या तुकड्याची माफी मागत बसली, आणि तो तुकडा खोटा होता. हे सांगायला कुणी उरो, न उरो. मला शब्द सापडत नाहीत, मी काही शिकलेली नाही फार. पण वाईट हे माझ्या किंवा तिच्या आत नव्हतं. ते तुझ्या करण्यात होतं. आम्ही दोघी नसतो तरी तिथंच असतं.

तू जाताना म्हणालास, "काय पाहिजे तुला?" पाकिटाला हात लावलास. तो हात काढून घेतलास तेच बरं केलंस, कात्री माझ्यासमोरच होती.

आता माझ्याकडचंही ऐक, कारण मी तुझ्यापेक्षा चांगली आहे असं मी समजत होते, आणि मग असं झालं. तनुजा परवा आली ती दोन साड्या घेऊन. मोरपंखी ठेवू की जांभळी, असं टाकाला विचारत होती, हळूच, ओठ हलवून. मी सहज म्हटलं, "थोरलीला मोरपंखी आवडली असती."

ती एकदम थांबली. जांभळी पिशवीत गेली. "व्हय का ताई? तुम्हाला कसं वाटलं तसं?"

"वाटलं."

आणि इंद्रजीत, मला ते गोड लागलं. तुझ्या घरात माझा शब्द चालतो! मी बोलले असते, थोरलीला नवऱ्याचं तोंड बघवत नाही, तर तिनं तुझं अंथरूण बाहेरच्या खोलीत टाकलं असतं. थोरलीला तुझी कंपनी नको, थोरलीला तुझं मटण नको. मी तुला म्हातारपणापर्यंत नाचवलं असतं आणि तनुजाला कधी कळलं नसतं. रात्री मी हेच रचत बसले. फार सुरेख सूड होता. तुला कळलं असतं, तिला नाही.

सकाळी गल्लीतल्या एका सोनाराच्या दुकानावरून येताना पाय अडले. तिला कळणार नाही, म्हणजे तिचं काही वाईट नाही, असंच मी रात्रभर मानून चालले होते ना? ते तुझं वाक्य होतं. मी तुझं वाक्य पांघरून झोपले होते.

म्हणून तो सूड मी सोडला. याचा मला अजून राग येतो.

जाताना तनुजा म्हणाली, "ताई, नवमीला आमच्याकडं जेवायला याल का? थोरलीच्या नावानं सवाष्ण घालायची असती. दर साली शेजारच्या संध्यामावशी यायच्या, त्या मुलाकडं पुण्याला गेल्या. आणि तुमचं बी नाव संध्याच म्हणत होती ती गोजरबाई. म्हटलं, योगच हाय." तिची नजर माझ्या गळ्यावर होती. खोली भाड्यानं मिळावी म्हणून मी स्वतःच घेतलेले काळे मणी आहेत ते. तुझं मंगळसूत्र तुझ्या देव्हाऱ्यात ठेवून आले होते.

मी सवाष्ण आहे का? नवरा जिवंत आहे, तोंडावर बोलून गेला, पण माझा नाही. मी मेले ती अहेव मेले. माझ्या नावानं जेवायला मीच. कुणाला विचारू?

मी हो म्हटलं आहे. मुदत तीच.

संध्या


१२ सप्टेंबर

इंद्रजीत,

तुझे फोन मी उचलत नाही, मुद्दाम. एकदा तू 'तनुजाचं काय होईल याचा तरी विचार कर' असा मेसेज केलास. त्याचाच करते आहे. तिनं मला काल सांगितलं, या घरात ती कुणाशी बोलत असेल तर थोरलीशी. सासूशी नाही, तुझ्याशी नाही. भाजीत काय घालू इथपासून पोरीला पाळी आली इथपर्यंत, सगळं टाकाला.

ते मी तिच्याकडून काढून घेणार आहे. याची मला भीती वाटते. तुझी नाही वाटत.

सोमवारी बारा वाजता येते. त्याआधी तू सांगितलंस, तर मी ताट न घेता परत जाईन.

संध्या


१६ सप्टेंबर

इंद्रजीत,

काल तू खोलीतच होतास, तरी लिहिते. तुला काय दिसलं असेल त्यावर माझा विश्वास नाही.

तू सांगितलं नव्हतंस. दारात पाय ठेवताच कळलं, कारण तनुजा हसत होती. "या ताई, या. अहो, ताई आल्या बघा." तू सुट्टी घेऊन घरी होतास, पांढरा सदरा घालून. माझ्याकडं न बघता पंख्याकडं बघत होतास.

तिनं माझे पाय धुतले. कोमट पाणी, हळद. पुसताना पदर वापरला, मी नको म्हटलं तरी. कुंकू लावलं, गजरा दिला, ओटी भरली. मोरपंखी साडी आधी टाकावर ठेवली, मग माझ्या हातात. दोन पानं वाढली, एक माझं, एक थोरलीचं. खीर, वडे, अळू, आमसुलाची चटणी. मीठ स्वतः चाखून बघितलं तिनं. मला तेवढंच दिसत होतं.

मग ती म्हणाली, "अहो, पाया पडा की. थोरलीच्या जागेवर हायेत त्या आज."

तू वाकलास. घाईत, गुडघे न टेकता, बोटं माझ्या पावलांच्या अर्धा वीत वर. कंपनीच्या साहेबाला नमस्कार करतात तसं. उठलास आणि तुझ्या तोंडावर थोडं हसू होतं. सुटलो, असं. मी काही बोलणार नाही अशी तुझी खात्री झाली होती. बाईच्या अंगावर नवं लुगडं पडलं, पोटात खीर गेली, की ती गप्प बसते, हे तुझ्या आईचं तत्त्व.

मी जेवले. सगळं जेवले, वडे दोनदा घेतले. फार चांगला स्वयंपाक करते ती.

ती माझ्यासमोर बसली, हात जोडून. "ताई, थोरली तृप्त झाली का? तुमच्या तोंडून ऐकायचं असतं."

मी तुझ्याकडं बघितलं. तुला अजून वेळ होता. तू पंखा बघत होतास.

"तनुजा," मी म्हटलं, "थोरली मेलेली नाही."

तिला वाटलं मी देवाधर्माचं काही बोलतेय. तिनं मान डोलावली. "नाय ना, असतीच ती घरात."

"तसं नाही. मी शैला. बाळंतपण कधी झालं नाही मला. चार वर्षं नांदले, मग निघून गेले. कोर्टात सोडचिठ्ठी झाली. तुझ्या वडलांना खोटं सांगितलं."

"ताईंचं डोकं..." असं काहीतरी तू सुरू केलंस. मी थांबले नाही. तेव्हा तू ओरडलास, "शैला, बस झालं!"

तनुजानं तुझ्याकडं बघितलं. आपण शब्द परत तोंडात घालू शकत नाही. तू प्रयत्न केलास, मी पाहिलं. ओठ मिटलेस.

कुकरची वाफ आवाज करत होती, तिनं उठून गॅस बंद केला आणि परत येऊन तिथंच बसली. मग तिनं मला विचारलं, तुला नाही.

"म्हंजे ती दोन पोरं तुम्ही नाय नेली?"

"नाही गं. मी तेव्हा नाशकात होते. मला तुझं नावसुद्धा माहीत नव्हतं."

"मंग कुणी नेली?"

"कुणीच नाही, तनुजा. गेली ती."

यावर ती रडली. मला वाटलं होतं तुझ्यावर रडेल. ती त्या दोघांवर रडली, इतक्या वर्षांनी, कुणाचीही माफी न मागता. मी तिच्या पाठीवर हात ठेवणार होते. माझा हात उष्टा होता.

"न् मी बोलत कुणाशी होते इतकी वर्षं?" ती म्हणाली.



मी पानावरून उठायला लागले. तिनं माझा खांदा दाबून खाली बसवलं. "असं पानावरून उठायचं नाय. माझ्या घरात नाय." वाटीत पुन्हा खीर घातली, काठोकाठ. शेजारचं दुसरं पान तिनं उचललं, आत नेलं. परत आली ती तुझ्यासमोर उभी राहिली. डोळे पुसलेले, आवाज साधा. भाजीवाल्याला विचारतात तसा.

"पाया पडा."

"आता काय?" तू म्हणालास. "मघाशी पडलो की."

"मघाशी मेलेलीच्या पडलात. आता जितीच्या पडा."

"तनुजा, शेजारी ऐकतील."

"ऐकू द्या."

तू माझ्याकडं बघितलंस. मी सोडवीन असं वाटलं तुला, खरंच वाटलं, तुझ्या डोळ्यांत ते होतं. चार वर्षं मी तुला आईच्या रागातून सोडवायचे, तसं. मी पाय थोडे पुढं केले.

या वेळी गुडघे टेकलेस. एक आधी, मग दुसरा, हाडं वाजली. कपाळ माझ्या पावलाला लागलं. गरम होतं, घामानं ओलं. मला आयुष्यभर वाटायचं की असा दिवस आला तर आपल्याला काही वाटणार नाही, आपण तितक्या वर गेलेल्या असू. तसं नाही झालं. बरं वाटलं, इंद्रजीत. फार बरं वाटलं. तनुजा बघत होती, आणि तिलाही बरं वाटत होतं.

कुणी पाया पडलं की जिभेवर आपोआप येतं ते माझ्याही आलं, वळणच तसं आहे. 'सुखी राहा.' वाटी उचलून खिरीचा एक घोट घेतला. त्याच्याबरोबर मी ते गिळून टाकलं.

संध्या